जमिनीखालची भटकंती: यॉर्कशायरमधला केव्हिंग क्लब

रेवा

नमस्कार मंडळी. इथे गडकिल्ले, घाटवाटा, कातळारोहण यांवरच्या धाग्यांची रेलचेल आहे, पण नैसर्गिक गुहांत उतरण्यावर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढते. मी इंग्लंडच्या उत्तरेला, लीड्समध्ये राहते आणि जवळच्या यॉर्कशायर डेल्समधल्या एका केव्हिंग क्लबाची सभासद आहे.

आधी जागेविषयी. हा मुलूख चुनखडीचा. साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला दगड आहे हा. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, दगडातल्या भेगांत शिरतं आणि त्या विरघळवत रुंद करत जातं. वरच्या अंगाला पाणी न झिरपू देणारा खडक आहे. त्यावरून खळाळत येणारा ओढा चुनखडीला लागला की थोड्याच अंतरात जमिनीत गडप होतो आणि पार खाली, गावाच्या अंगाला झरा होऊन बाहेर पडतो. मधल्या त्याच्या वाटेने आम्ही जातो.

नवख्यांना बहुतेक क्लब पहिल्यांदा लाँग चर्नला नेतात. सेलसाइड नावाची चार घरांची वस्ती आहे, तिथल्या शेतकऱ्याकडे थोडे पैसे भरायचे आणि कुरणातून चढून जायचं. आत घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं पाणी. बाहेर उन्हाळा असो की बर्फ, आत बारा महिने आठ अंशांच्या आसपास. अंगात फरचा एकसंध आतला पोशाख, त्यावर जाड नायलॉनचा ओव्हरसूट, पायात साधे रबरी गमबूट, गुडघ्यांना पॅड, डोक्यावर हेल्मेट आणि दिवा. दुसरा दिवा खिशात, तोही आधी तपासलेला. क्लब हे सगळं नवीन माणसाला वापरायला देतो, त्यामुळे पहिल्या खेपेला काहीच विकत घ्यावं लागत नाही.

लाँग चर्नच्या खालच्या भागात ‘चीझ प्रेस’ म्हणून एक चपटी फट आहे. रुंदीला ऐसपैस, पण उंचीला इतकी कमी की हेल्मेट एका कुशीवर वळवल्याशिवाय डोकं जात नाही. गाल दगडाला टेकलेला, एक हात पुढे, एक मागे, आणि पायाच्या बोटांनी रेटा देत इंच इंच सरकायचं. अडकल्यासारखं वाटलं की श्वास बाहेर सोडायचा, छाती खाली बसते आणि जागा होते. जोर केला की स्नायू फुगतात आणि उलट जास्त अडकायला होतं. ज्याला नको असेल त्याच्यासाठी बाजूने वळसा घालून जायची वाट आहे आणि ती घेणाऱ्याला कुणी एका शब्दाने काही म्हणत नाही. क्लब निवडताना मी हेच बघायला सांगेन: माघारी फिरणाऱ्याशी ते कसे वागतात.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. गुहेत मोबाइल चालत नाही. आत काही झालं तर बाहेर कळायला मार्ग नाही. म्हणून आत जाण्याआधी बाहेरच्या एका माणसाकडे नोंद ठेवायची: कुठली गुहा, कुठली वाट, कितीजण, गाडी कुठे लावली आहे, तिचा नंबर, बाहेर यायची अंदाजे वेळ आणि त्यानंतरची एक ठाम वेळ. याला इथे ‘कॉल-आउट’ म्हणतात. त्या ठाम वेळेपर्यंत आमचा निरोप आला नाही तर त्या माणसाने वाट पाहत बसायचं नाही. ९९९ फिरवायचा, पोलीस मागायचे आणि त्यांना गुहा-बचाव पथक हवंय म्हणून सांगायचं. क्लबाच्या झोपडीत (म्हणायला झोपडी, खरं तर डोंगरातलं दगडी घर, बंक बेड आणि कपडे वाळवायची खोली असलेलं) दाराशीच एक फळा आहे. त्यावर हे सगळं खडूने लिहिलेलं असतं. त्या शनिवारी जो आत जात नाही, ताप आलाय, गुडघा दुखतोय, स्वयंपाकाची पाळी आहे, तो फळा सांभाळतो. माझ्या मते क्लबातलं सर्वांत जबाबदारीचं काम ते आहे.

विचारा काय विचारायचं ते. सवडीने उत्तरं देते.

पुनवेचा_चांद

वाचनखूण साठवली आहे. गेपिंग गिल या प्रचंड विवराबद्दल लिहा की, त्याच भागात आहे ना? पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

सह्यमावळा

मस्त धागा! आम्ही पुण्याचा ग्रुप, दर पावसाळ्यानंतर कातळकड्यांवर आणि धबधब्यांवर रॅपलिंग करतो. दोर, हार्नेस, डिसेंडर (दोरावरून सावकाश उतरायचं उपकरण) हे सगळं रोजच्या वापरातलं. म्हणजे उभ्या गुहेत उतरायला आमची अर्धी तयारी झालीच आहे, बरोबर? तुमच्याकडे वेगळं काय लागतं?

निशिगंधा

रेवाताई, चीझ प्रेसचं वर्णन वाचतानाच मला घाम फुटला. मला लिफ्टमध्येसुद्धा कोंडल्यासारखं होतं. माझ्यासारखीने याचा विचारच करू नये का? की सवयीने जातं? माझा नवरा आणि मुलगा दोघेही उड्या मारतायत, आम्ही मँचेस्टरला आहोत.

रेवा

@सह्यमावळा, दोराची भीती गेलेली असणं ही मोठी जमेची बाजू आहे, पण कड्यावर आणि गुहेत एक मूलभूत फरक आहे. कड्यावरून रॅपल केलं की माणूस पायथ्याला पोहोचतो आणि चालत गाडीकडे जातो. गुहेत पायथा म्हणजे निम्मी वाट. ज्या दोराने उतरलो त्याच दोराने चढून यायचं असतं, दमलेलं, भिजलेलं, थंडीने बोटं आखडलेली असताना. म्हणून आमचं शिक्षण चढण्यापासून सुरू होतं. छातीशी एक जॅमर (क्रोल), म्हणजे दोरावर वर सरकणारं पण खाली न घसरणारं उपकरण, हातात दुसरा, त्याला पावलांसाठी दोराचा फास. बसायचं, पाय पोटाशी घ्यायचे, उभं राहायचं, पुन्हा बसायचं. शिवाय दोर सरळ खालपर्यंत सोडलेला नसतो. कुठे दगडाला घासू नये म्हणून मधेमधे पुन्हा बांधलेला असतो आणि अशा प्रत्येक जागी लटकत्या अवस्थेत एका दोरावरून दुसऱ्यावर जावं लागतं. उतरता उतरता मधेच थांबून चढायला लागणं, म्हणजे उपकरणांची अदलाबदल, हे डोळे मिटून जमलं पाहिजे. आमच्या क्लबात एका जुन्या धान्याच्या कोठाराच्या तुळयांना दोर बांधून हे घोटून घेतात. ते जमेपर्यंत उभ्या गुहेत नेत नाहीत.

@निशिगंधा, विचार जरूर करा, पण घाई नको. यॉर्कशायरमधल्या सगळ्याच गुहा अरुंद नाहीत. किंग्जडेलमध्ये योर्डास म्हणून गुहा आहे. आत शिरलं की लगेच मोठं दालन लागतं, टोकाला धबधबा आहे. व्हिक्टोरियन काळात लोक तिथे मेणबत्त्या घेऊन सहलीला यायचे. किंवा क्लॅपमजवळची इंगलबरो केव्ह, ती १८३७ पासून पर्यटकांना खुली आहे, दिवे आणि पक्की वाट आहे. तिथे दोघी जाऊ या हवं तर. आत उभं राहून कसं वाटतंय ते बघा, मग पुढचं. नवरा आणि मुलगा पाण्यातून रांगत असताना तुम्हाला झोपडीत फळा सांभाळायला आवडेल का, हेही विचारून ठेवते. आमच्याकडे त्या कामाला माणसं नेहमी कमी पडतात.

कातळप्रेमी

भूशास्त्र शिकवतो, नागपूरला असतो. इथल्या लोकांना प्रश्न पडेल की आपल्याकडे हे का नाही, म्हणून थोडं लिहितो.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि दख्खनचं पठार झालं. बेसॉल्ट पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे रेवाताई सांगतायत तसं भूमिगत नद्यांचं जाळं सह्याद्रीत तयार होत नाही. आपण ज्यांना सर्रास गुहा म्हणतो त्यातल्या बहुतेक लेणी आहेत, माणसाने छिन्नी-हातोड्याने खोदलेल्या. नैसर्गिक म्हणाल तर दोन-तीन प्रकार. एक, लाव्हानळ्या. वाहत्या लाव्हाचा पृष्ठभाग थंड होऊन घट्ट होतो, आतला रस पुढे निघून जातो आणि मागे पोकळ नळी राहते. दोन, थरांच्या मधला मऊ भाग झिजून झालेल्या कपारी. तीन, जांभ्यातल्या पोकळ्या. पाचगणीच्या टेबललँडखालच्या गुहा या तिसऱ्या प्रकारात येतात.

चुनखडी मात्र अगदीच नाही असं नाही. यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात, वणी, राजुरा, कोरपना या भागात पैनगंगा गटातली जुनी चुनखडी आहे. सिमेंटचे कारखाने तिथे आले ते त्यामुळेच. शेजारच्या छत्तीसगडात जगदलपूरजवळ कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात कुटुमसर गुहा आहे. विदर्भातल्या माणसाला खरी चुनखडीची गुहा बघायची तर ती सोयीची. पावसाळ्यात बंद असते, कारण आत पाणी भरतं.

त्या गुहेत एक छोटा मासा राहतो. डोळे खुजे झालेले, अंगावरचा रंग जवळजवळ गेलेला. त्याचं जवळचं नातं ‘इंडोरिओनेक्टेस एव्हेझार्डाय’ या माशाशी आहे आणि या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८७२ साली झालं ते पुण्यातल्या नमुन्यांवरून. सह्याद्रीतल्या ओढ्यांत दगडाखाली सापडणारा, पट्ट्यापट्ट्यांचा, बोटाएवढा मासा. त्याचे भाऊबंद बस्तरच्या अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहून असे बदलले.

प्रभाकर_शिलाँग

कातळप्रेमी सर, माशाची माहिती फार आवडली. आमच्याकडच्या माशाचंही ऐका मग.

मी मूळचा साताऱ्याचा, बँकेच्या बदलीने शिलाँगला आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. भारतात केव्हिंग म्हटलं की मेघालयच. इथे १९९२ पासून मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनचे लोक आणि ब्रिटन, जर्मनी, आयर्लंड वगैरे देशांतले केव्हर मिळून दर हिवाळ्यात मोहिमा काढत आले आहेत. पुढाकार ब्रायन खारप्रान डेली यांचा. तेही बँकेतलेच, म्हणून मला जरा जास्त अभिमान. चारशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या वाटा या लोकांनी मोजून नकाशावर आणल्या. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह (क्रेम म्हणजे गुहा) तीस किलोमीटरच्या पुढे. मॉसिनरामकडची क्रेम पुरी वालुकाश्मातली, साडेचोवीस किलोमीटर, त्या दगडातली जगातली सर्वांत लांब.

मासा असा: जैंतिया टेकड्यांतल्या क्रेम उम लादॉ या गुहेत २०१९ साली संशोधकांनी एक आंधळा, फिकट मासा नोंदवला. महासीरच्या कुळातला, फुटाहून लांब. जगातल्या ज्ञात गुहामाशांत आकाराने सर्वांत मोठा. २०२३ साली त्याला ‘निओलिसोकायलस प्नार’ हे नाव दिलं, तिथल्या प्नार लोकांवरून.

आणि सोहराजवळच्या (म्हणजे चेरापुंजीजवळच्या) मॉमलूह गुहेबद्दल तर शाळेच्या पुस्तकात यायला हवं. तिथल्या एका चुनखांबातल्या थरांत सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ दुष्काळाची खूण सापडली आणि २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला ‘मेघालयन’ असं नाव दिलं.

मराठी पर्यटक येतात ते मॉस्माई बघून परततात. दिवे लावलेली, वीस मिनिटांत होणारी गुहा. ठीक आहे. पण हाताशी एक दिवस जास्त असेल आणि वाटाड्या चांगला असेल तर मॉमलूह करा. कमरेएवढ्या पाण्यातून जावं लागतं.

अजिंक्य_भटका

काका, जबरी! आम्ही चौघे मित्र जानेवारीत मेघालयला बाइकवर येतोय. मॉस्माईची गर्दी नको. जैंतिया टेकड्यांतल्या दोन-तीन भारी गुहांचं नेमकं लोकेशन टाका ना इथे. वाटाड्याबिटाड्या लागत नाही आम्हाला, हेडलॅम्प आहेत, दोर आहे, सगळे फिट आहेत. आणि कातळप्रेमी सर, सह्याद्रीतल्या त्या लाव्हानळ्या नक्की कुठे आहेत? एक वीकेंड तिकडे.

प्रभाकर_शिलाँग

अजिंक्य, ये, जरूर ये, घरी जेवायला ये. पण लोकेशन टाकणार नाही. कारण सांगतो.

इथली जमीन सरकारची नाही. गावाची असते, कुळाची असते. गुहाही त्यांच्याच. गावात गेलं की आधी गावप्रमुखाला, रंगबा श्नोंगला भेटायचं, काय करायचंय ते सांगायचं, परवानगी घ्यायची. तीस वर्षं मोहिमा चालल्या आहेत त्या याच रीतीने. परवानगीशिवाय चार पोरं रात्री गुहेत शिरली तर गाव पुढच्या सगळ्यांना दार बंद करतं आणि ते रास्तच आहे.

दुसरं, त्या गुहा एका सरळ बोगद्यासारख्या नाहीत. दहा ठिकाणी फाटे फुटतात, वरच्या मजल्यावर जाणाऱ्या वाटा आहेत. येताना जे वळण डावीकडे होतं ते परतताना ओळखू येत नाही. मोहिमेतल्या अनुभवी लोकांनासुद्धा मी नकाशा हातात धरूनच जाताना पाहिलंय.

रेवा

काकांशी शंभर टक्के सहमत. अजिंक्य, तुमचा उत्साह खरा आहे म्हणून मनापासून लिहिते.

फिट असण्याचा गुहेत फायदा होतो, पण आत जीव जातात ते बहुधा वेगळ्या कारणांनी. पाणी आणि थंडी. इथे डेल्समध्ये १९६७ च्या जूनमध्ये मॉसडेल नावाच्या गुहेत सहा तरुण केव्हर पुराच्या पाण्यात गेले. तरबेज मंडळी होती. बाहेर पाऊस कोसळला, आतल्या सखल वाटा भरल्या आणि परतायला जागाच उरली नाही. म्हणूनच आमच्या क्लबात शुक्रवारी रात्री झोपडीत पहिली चर्चा हवामानाची असते, आणि केवळ पावसाच्या अंदाजावरून ठरलेली गुहा बदलतात. कुणी कुरकुर करत नाही.

थंडीचं म्हणाल तर: समजा आत कुणाचा घोटा मुरगळला. बाहेर डोंगरात ते दुखणं. गुहेत ओल्या कपड्यांत आठ अंशांत एका जागी बसून राहणं. मदत यायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्यात माणूस गारठतो. मेघालयात हवा इतकी थंड नाही, पण तिथे यॉर्कशायरसारखं जवळच्या गावात बसलेलं पथकही नाही. इथे क्लॅपममध्ये केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन आहे, १९३५ साली स्थापन झालेली, या प्रकारची जगातली पहिली. सगळे स्वयंसेवक. सुतार, शिक्षक, शेतकरी, रात्री फोन आला की निघतात. एवढी व्यवस्था असूनही आम्ही कॉल-आउटशिवाय पाऊल आत टाकत नाही.

जानेवारीत जाताय तर शिलाँगच्या संस्थेशी आधी संपर्क करा, मोहिमेचा हंगाम तेव्हाच असतो. निदान काकांकडे तुमची नोंद ठेवा: कुठे, कितीजण, किती वाजता परत.

अजिंक्य_भटका

पटलं. पाण्याचा विचार केला नव्हता, हिवाळ्यात सगळं कोरडं असेल असं धरून चाललो होतो. काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. वाटाड्या घेऊनच जाऊ.

पाकोळी

लाव्हानळ्यांचं लोकेशन विचारलंय त्यावर मलाही बोलायचंय. मी वटवाघळांवर काम करते.

गुहांचे पत्ते जाहीर न करण्यामागे वटवाघळं हे एक मोठं कारण आहे. एक उदाहरण देते, आपल्या शेजारचंच. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक जिथे भेटतात त्या भीमगडच्या जंगलात बारापेडे म्हणून चुनखडीची गुहा आहे. तिथे ‘रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट’ नावाचं वटवाघूळ राहतं, मोठ्या कानांचं, देखणं. १९१३ साली त्याचं वर्णन झालं आणि त्यानंतर कित्येक दशकं हे वटवाघूळ जगात या एकाच गुहेत आहे असं मानलं जायचं. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. म्हणजे एका गुहेत धूर झाला, मशाली पेटल्या, आरडाओरडा झाला, तर आपल्या बाजूची जवळजवळ सगळी वसाहत धोक्यात. भीमगड आता अभयारण्य आहे आणि तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, तेच बरोबर आहे.

पिल्लांच्या दिवसांत माद्या दचकल्या की पिल्लं खाली पडतात. खाली पडलेलं पिल्लू बहुतेक वेळा वाचत नाही. त्यामुळे जुन्या भुयारात किंवा लेण्याच्या आतल्या खोलीत वटवाघळांचा झुबका दिसला तर दिवा खाली करा, फ्लॅश मारू नका आणि मागे फिरा.

रेवा, तुमच्याकडे काय नियम आहेत?

रेवा

फार महत्त्वाचा मुद्दा. इथे वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, हिवाळ्यात ती निद्रेत असताना काही गुहांकडे आम्ही फिरकत नाही. शिवाय एका गुहेतून दुसऱ्या भागातल्या गुहेत जाण्याआधी दोर, बूट, सूट धुऊन वाळवायचे, विशेषतः परदेशातून आलेल्यांनी. अमेरिकेत २००६ पासून ‘व्हाइट नोज’ या बुरशीजन्य रोगाने वटवाघळं लाखोंनी मेली, तेव्हापासून ही शिस्त जास्त कडक झाली.

छतातून लटकणाऱ्या चुनखडीच्या नळ्या, खांब यांना हात लावायचा नाही हेही त्यातच. बोटांचं तेल लागलं की त्या जागी थर नीट धरत नाही आणि चिखलाचा ठसा तसाच राहतो. आतल्या नाजूक जागी जमिनीवर पट्ट्या लावून वाट आखलेली असते. चुनखडीची नळी अगदी जवळून कधी बघा. पेनाच्या रिफिलएवढी जाड, आतून पोकळ, आणि टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला. त्या थेंबातून कार्बन डायऑक्साइड निसटतो, किंचित चुना टोकाच्या कडेला बसतो, मग थेंब पडतो आणि दुसरा येतो. हेल्मेटचा चुकून धक्का लागला तरी कित्येक शतकांचं काम मोडतं.

सांगलीकर

गुहा आणि पाणी म्हटल्यावर थायलंड आठवलं. २०१८ साली थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं गेली होती. आमच्या भागात तेव्हा सगळीकडे तीच चर्चा. रेवा, ती मुलं ज्यांना सापडली ते पाणबुडे इंग्लंडचेच ना?

रेवा

हो. रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन, दोघेही इथल्या केव्हिंग क्लबांमधून तयार झालेले. मुलं २३ जूनला आत गेली, २ जुलैला या दोघांना सापडली आणि ८ ते १० जुलैच्या दरम्यान सगळ्यांना बाहेर काढलं. लोकांना ते लष्करी पाणबुडे वाटतात. पण गुहेतलं डायव्हिंग ही छंदातून उभी राहिलेली विद्या आहे. गढूळ पाण्यात, हाताने दोरी चाचपडत, अरुंद भोकातून जाण्याचा सराव या माणसांनी वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी, पदरचे पैसे खर्चून केला होता. मला त्याचं फार अप्रूप आहे. उपसा चालू नसता तर पाणी आणखी चढलं असतं, त्यामुळे तुमच्याकडच्या इंजिनिअरांचंही श्रेय तितकंच.

सह्यमावळा

रेवा, एक प्रश्न. इंग्लंडसारख्या छोट्या देशात, शंभर-दीडशे वर्षं लोक गुहा धुंडाळतायत. आता नवीन शोधायला काही उरलंय का? की तुम्ही आधीच माहीत असलेल्या वाटांवरच फिरता?

रेवा

उरलंय, आणि भरपूर. १९६८ साली डेव्ह ब्रूक या केव्हरने कल्पना मांडली की लँकेशायर, कंब्रिया आणि यॉर्कशायर या तीन परगण्यांखालच्या वेगवेगळ्या गुहा मुळात एकच जाळं असावं. मग पुढची चार दशकं वेगवेगळ्या क्लबांनी एकेक दुवा खणून, मोजून, कुठे पाण्याखालून जाऊन जोडला. २०११ साली तीन परगणे जमिनीखालून एक झाले. आज ही ‘थ्री काउंटीज सिस्टम’ ८५ किलोमीटरच्या पुढे आहे, ब्रिटनमधली सर्वांत लांब.

हे काम दिसायला अगदी साधं असतं. आमच्या क्लबातली काही मंडळी, त्यातले बरेच साठीच्या पुढचे, आठवड्यातली एक संध्याकाळ ‘डिग’साठी राखून ठेवतात. एखाद्या खळग्यातून थंड वारा येतोय म्हणजे खाली पोकळी आहे. मग बादली, फावडं, कप्पी, आणि दगड एकेक करून वर. वर्षानुवर्षं. कधी सहा फूट पुढे सरकतात, कधी वरची माती ढासळून मागे. मी मधूनमधून बादल्या ओढायला जाते. चहाच्या थर्मासबरोबर शेंगदाण्याची चिक्की नेते, ती आता तिथे हक्काने मागितली जाते.

दुसरं काम मोजणीचं. लेझरने अंतर, होकायंत्राने दिशा, आणि चढ-उताराचा कोन. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर, आणि सोबत वहीत हाताने रेखाटन. काकांनी सांगितलेले मेघालयातले चारशे किलोमीटर असेच, एकेक टप्पा करून झालेले आहेत. त्या मोहिमांतले काही जण आमच्याकडच्या क्लबांतलेच.

निशिगंधा

रेवाताई, योर्डासला जाऊन आलो! आत गेल्यावर पहिल्यांदा छातीत धडधडलं, पण छत इतकं उंच आहे की हळूहळू बसलं. धबधब्याजवळ दहा मिनिटं थांबले. दिवा मात्र बंद करू दिला नाही मी कुणाला. मुलाचं नाव क्लबात घालतोय. आणि फळ्याच्या कामाला माझं नाव लिहून ठेवा.

मीनल_लंडन

सगळा धागा एका बैठकीत वाचला. पुनवेचा_चांद यांनी सुरुवातीलाच विचारलेलं राहिलंय, आणि मलाही तेच हवंय: गेपिंग गिल. माझे आईबाबा मे महिन्यात इकडे येतायत. बाबा जुने ट्रेकर, वय ६६, तब्येत ठणठणीत. दोर वगैरे त्यांना जमणार नाही, पण खुर्चीत बसवून खाली सोडतात असं ऐकलंय. खरं आहे का?

रेवा

खरं आहे, आणि बाबांना जरूर न्या.

गेपिंग गिल इंगलबरो डोंगराच्या उतारावर आहे. फेल बेक नावाचा ओढा माळावरून येतो आणि सरळ एका विवरात कोसळतो, सुमारे ९८ मीटर. दिल्लीचा कुतुबमिनार आत उभा केला तरी वर पंचवीस मीटर जागा उरेल. १८४२ च्या सुमारास जॉन बर्कबेक नावाच्या माणसाने उतरायचा प्रयत्न केला, तो अर्ध्याच्या थोडं पुढे एका कंगोऱ्यापर्यंत पोहोचला. त्या कंगोऱ्याला आजही त्याचं नाव आहे. तळापर्यंत पहिल्यांदा गेला तो १८९५ साली, एदुआर मार्तेल, फ्रान्सचा वकील, दोराच्या शिड्या आणि सोबत टेलिफोनची तार घेऊन. तळाशी जे दालन आहे ते सव्वाशे मीटरहून लांब. त्याच्या पुढच्या वाटा आणि क्लॅपमची इंगलबरो केव्ह यांचा दुवा १९८३ साली पाणबुड्यांनी जोडला.

वर्षातून दोनदा तिथे विंच (तारेने खुर्ची खाली-वर करणारं यंत्र) बसवतात. मेच्या शेवटच्या सुट्टीच्या आठवड्यात ब्रॅडफर्ड पॉटहोल क्लब, आणि ऑगस्टमध्ये क्रेव्हन पॉटहोल क्लब. सगळी स्वयंसेवकांची मेहनत. तंबू, इंजिन, तारा, सगळं त्या उघड्या माळावर न्यायचं. ओढ्याचं पाणी बांध घालून बाजूला वळवतात. एका वेळी एक माणूस खुर्चीत. समोर दांडा लावतात, पायाखालची फळी सरकते, आणि खुर्ची सुटते. सुरुवातीला शेवाळलेली, हिरवी भिंत अगदी हाताच्या अंतरावरून वर जाताना दिसते, मग भिंती दूर होतात आणि अंगावर तुषार यायला लागतात. मिनिटभराच्या आसपास सगळं संपतं. खाली क्लबाचं माणूस हात धरून उतरवतं. पाच मिनिटं काहीच दिसत नाही, डोळे सरावले की वरून पडणाऱ्या उजेडात धबधब्याचे धागे दिसतात आणि मग दालन केवढं आहे ते कळतं.

आता व्यवहाराचं. क्लॅपम गावात गाडी लावून चढत जायला दीड तास धरा, ट्रो गिलच्या घळीत थोडी दगडांची चढण आहे, बाबांना जड नाही. आईंना खाली यायचं नसेल तर वर माळावर बसायला गरम काहीतरी हवं, वारा भणभणतो. दोन्ही क्लब तारखा आणि नोंदणीचे नियम आधी जाहीर करतात, ते नीट वाचा. सुट्टीच्या दिवशी रांग तासन्‌तास लागते, आठवड्याच्या मधला दिवस बरा. पाऊस जास्त झाला तर विंच बंद ठेवतात, म्हणून हाताशी एक दिवस राखीव असू द्या. जुना ट्रॅकसूट, त्यावर रेनकोट, घोटा झाकणारे बूट, डब्यात पोळीभाजी. हेल्मेट आणि दिवा माझ्याकडून घ्या. तारखा ठरल्या की व्यनि करा, मी त्या आठवड्यात तिथे विंचवर मदतीला असते.

मीनल_लंडन

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, खाली फोटो काढता येतात का आणि पाणी किती अंगावर येतं. तिकिटं २० मेची आहेत. व्यनि केलाय.

रेवा

फोटो येतात, पण फोन झिपच्या पिशवीत ठेवायला सांगा. पाणी आदल्या दिवशीच्या पावसावर. व्यनिला उत्तर दिलंय.